प्रभुभोजनाचे सीलबंद कप घ्यावेत का? आमच्या मंडळीतला अनुभव

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून थोडी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. घरभेटीला, दवाखान्यात, किंवा जे आजी-आजोबा अजून चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे न्यायला हे कप एकदम बेस्ट, पाचपैकी साडेचार स्टार. पण चर्चमध्ये सगळी मंडळी बसलीय आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेच वाटायचे असा विचार असेल तर माझ्याकडून अडीच, तेही अर्धा स्टार पॅकिंग चांगलं होतं म्हणून. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण आम्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवले आणि दोन्हीत साधारण तेच गुण तेच दोष निघाले.

ज्यांनी बघितलेच नाहीत त्यांना कळावं म्हणून सांगते. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा कप, त्यात घोटभर द्राक्षरस, त्यावर फॉइलचं झाकण, आणि त्या झाकणाच्या वर अजून एक पारदर्शक पातळ फिल्म, त्या दोघांच्या मधे गोल पांढरी भाकर, म्हणजे पातळ चकती. आधी वरची फिल्म सोलायची, भाकर घ्यायची, मग फॉइल सोलायचं, रस घ्यायचा. कागदावर सोपं आहे. दुसरा एक प्रकार पण मिळतो ज्यात भाकर कपाच्या बुडाला वेगळ्या झाकणाखाली असते, तो आम्ही वापरला नाही म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

आता मी कोण बोलणारी, तर आमच्या नगरच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या तयारीचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आणि महिला मंडळाच्या आणखी दोघींकडे आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली काम सुरू केलं, आणि इकडच्या बहुतेक जुन्या मंडळ्यांत तुम्हाला एकच थाट दिसेल, गोल ट्रे, त्यात भोकं, भोकांत काचेचे इवलेसे ग्लास. रस आम्ही घरीच करतो. जानेवारी ते एप्रिल नाशिकची काळी द्राक्षं मिळतात तेव्हा उकळून गाळून बाटल्या फ्रीजरला, आणि सीझन संपला की काळे मनुके रात्रभर भिजत घालून त्याचा. भाकर म्हणजे बेकरीचा साधा ब्रेड, कडा काढून चौकोनी तुकडे, सणाला कोणीतरी घरून बिनखमिराची पोळी करून आणतं. शनिवारी संध्याकाळी तयारी, रविवारी उपासनेनंतर ग्लास गरम पाण्यात धुवायचे, पुसायचे, कापडात गुंडाळून कपाटात. ट्रे बेंचाच्या एका टोकाला दिला की हातोहात दुसऱ्या टोकाला जातो, शेजारचा माणूस तुमच्यासाठी ट्रे धरतो, तुम्ही पुढच्यासाठी धरता. कोरोनाने नेमकी ही हातोहातची गोष्टच बंद केली.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं ते तुम्हाला माहितीच आहे, ईस्टर १२ एप्रिलला होता, तो मोबाईलवर झाला. जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने धार्मिक स्थळांसाठी नियमावली काढली, त्यात मास्क, सहा फूट अंतर, मूर्ती आणि ग्रंथांना हात लावायचा नाही, प्रसाद वाटायचा नाही, तीर्थ शिंपडायचं नाही, आणि गायनवृंद नको, शक्यतो रेकॉर्ड केलेली गाणी लावा. आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ तेव्हा म्हणत होते की प्रभुभोजन म्हणजे काही प्रसाद नाही, आपल्याला तो नियम लागू होत नाही. बरोबर आहे हो काका, पण पोलीस स्टेशनला जाऊन हे कोण समजावणार? तसंही महाराष्ट्रात दार उघडलंच नाही, ते उघडलं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला.

मधल्या काळात ऑनलाइन प्रभुभोजन हा मोठा वादाचा विषय झाला होता. पाळक साहेब (चर्चचे धर्मगुरू) यूट्यूबवर, आपण घरी डायनिंग टेबलवर आपापली भाकर आणि रस घेऊन बसलेले, हे चालतं का नाही चालत. काही मंडळ्यांनी केलं, काहींनी ठामपणे नाही केलं. आम्ही केलं नाही, मला ते पटलं पण होतं आणि त्रासही झाला होता, दोन्ही. माझ्या वसईच्या मैत्रिणीला या बाबतीत सोपं पडलं असं मला वाटायचं, कॅथलिक लोकांत सामान्य भाविकांना बहुतेक ठिकाणी फक्त भाकरच मिळते, प्याल्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे चर्च उघडल्यावर फादर जिभेवर देण्याऐवजी हातावर ठेवायला लागले आणि विषय बऱ्यापैकी संपला. आणि ज्या मंडळ्यांत एकाच चषकातून सगळे घेतात त्यांची तर पंचाईतच, इंग्लंडच्या चर्चने तर २०२० च्या मार्चमध्येच चषक बंद करून फक्त भाकर सुरू ठेवायला सांगितलं होतं. आम्ही या दोघांच्या मधे कुठेतरी, ग्लास वेगवेगळे पण ट्रे एक.

नोव्हेंबरमध्ये उघडल्यावर आम्ही प्रभुभोजन लगेच घेतलंच नाही. नाताळला सरकारने ५० माणसांची मर्यादा घातली आणि मध्यरात्रीच्या ऐवजी संध्याकाळी ७ पर्यंतच उपासना उरका म्हणून सांगितलं, त्यात ट्रे कुठे फिरवणार. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी मोबाईलवर हे कप दाखवले. परदेशात अशा कपांची मागणी एकदम वाढलीय, आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात, हात लावायचा प्रश्नच नाही, फॅक्टरीतूनच सील होऊन येतात, वगैरे वगैरे. एक कप साध्या कागदी कपाच्या कैक पटीने महाग पडत होता पण त्या दिवसांत सॅनिटायझर, थर्मल गन, फवारणी यावर एवढा खर्च चालला होता की यावर कोणी फार घासाघीस केली नाही.

पहिला वापर २०२१ च्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटी, पवित्र गुरुवारी, १ एप्रिलला. मार्चच्या शेवटी रात्री ८ नंतर जमावबंदी लागली होती त्यामुळे उपासना उन्हं उतरायच्या आतच ठेवली. एका आड एक बेंच, बेंचावर दोन टोकांना दोन माणसं, दारात सॅनिटायझरवाले तरुण संघाचे मुलगे, आणि प्रत्येकाने येतानाच खोक्यातून आपला कप उचलून जागेवर न्यायचा. इथपर्यंत मला सिस्टीम एकदम आवडली. वाटप नाही, गर्दी नाही, कोणी पुढे येत नाही, काही नाही.

मग आली सोलायची वेळ. पाळक साहेबांनी भाकरीचे शब्द म्हटले आणि सगळ्या चर्चभर एकदम कर्रर्र कर्रर्र सुरू झालं. खरं सांगते, मास्कच्या आत हसू आवरत नव्हतं. आणि हे कर्रर्र थांबतच नाही, कारण तरुण मुलं एका झटक्यात सोलतात आणि सत्तरीच्या पुढच्या मंडळींच्या बोटांना ती फिल्मची कड सापडतच नाही. कड इतकी बारीक आहे, त्यात हात सॅनिटायझरने गुळगुळीत झालेले, चष्म्यावर मास्कची वाफ. काहींनी जोर लावून ओढलं तर फिल्मबरोबर फॉइलपण निघालं आणि रस थेट पांढऱ्या साडीवर. आपल्याकडे पवित्र गुरुवार, गुड फ्रायडेला किती बायका पांढऱ्या साड्या नेसतात हे त्या बनवणाऱ्या कंपनीला कुठून माहीत असणार म्हणा. शेजारी कोणी असतं तर उघडून दिलं असतं, पण शेजारीच तर कोणाला बसवलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या कपाला हात लावायचा नाही म्हणून तर एवढा खटाटोप.

यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. पाळक साहेब थांबले. त्यांनी सांगितलं सगळ्यांचं उघडेपर्यंत कोणी खाऊ नका. बायबलमध्ये आहे, करिंथ शहराच्या मंडळीत लोक जेवायला जमायचे आणि जो तो आपलं आधी उरकून घ्यायचा, कोणी उपाशी कोणी तर्र, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना पत्रात झापलं होतं की एकत्र जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. ते वचन दर प्रभुभोजनाला त्याच्या आगेमागे आम्ही वाचतो पण ट्रे एवढा पटकन फिरायचा की थांबायची वेळच येत नव्हती. त्या दिवशी आली. दोन तीन म्हाताऱ्या बायकांसाठी सगळं चर्च हातात भाकर धरून बसलंय, कोणी घाई करत नाहीये. हे कपाचं क्रेडिट म्हणायचं का डिझाइनचा दोष म्हणायचा ते तुम्ही ठरवा, मी रेटिंगमध्ये धरलेलं नाही.

चव. रस गोड आहे, जरा जास्तच गोड, घरच्या द्राक्षाच्या रसाला जी तुरट चव असते ती अजिबात नाही. भाकर म्हणजे आइस्क्रीमच्या कोनचं बूड कसं लागतं तशी, तोंडात गेल्यावर टाळूला चिकटते. लहान मुलांना आवडली असती पण दहाच्या आतली मुलं घरीच होती नियमाप्रमाणे. काही जण म्हणतील चवीचं काय घेऊन बसलात, ती काय पार्टी आहे का. मान्य. पण मी इतकी वर्षं तो रस उकळलाय त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं मी समजते.

तीन दिवसांनी ४ एप्रिलला ईस्टर झाला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बातमी आली की उद्या रात्री ८ पासून परत सगळी धार्मिक स्थळं बंद. पुढचे दोन महिने नगर जिल्ह्यात काय झालं त्यावर मी इथे लिहीत नाही. आमच्या मंडळीतही ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या आता भरणार नाहीत.

उरलेली कपांची खोकी कपाटात तशीच पडून होती. ऑगस्टमध्ये हॉटेलं, मॉल उघडले, देवळं-चर्च-मशिदी बंदच, तेव्हा पाळक साहेबांनी घरभेटी सुरू केल्या. लस घेतलेले दोघं तिघंच जायचे, अंगणात किंवा दारात खुर्च्या टाकून बसायचे. आणि इथे या कपांनी कमाल केली. आधी घरी प्रभुभोजन न्यायचं म्हणजे एक छोटी पेटी, त्यात बाटली, ग्लास, भाकरीची डबी, रस सांडेल म्हणून रिक्षात मांडीवर धरून बसायचं. आता पिशवीत चार कप टाकले की झालं. एक वडीलधारे गृहस्थ डायलिसिसला जातात, त्यांना पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलंय, त्यांच्यासाठी घोटभर रस बरोबर मापात. एका आजींची सून म्हणाली बाहेरचं काही उघडं आणू नका, तर सील बघून ती पण निर्धास्त. घरी असल्यामुळे फिल्म सोलून द्यायला नात होतीच बाजूला. आवाज झाला तरी काय फरक पडतो. ज्यांनी दीड वर्ष काहीच घेतलं नव्हतं त्यांना तो गोड रससुद्धा चालला, कोणी तक्रार केली नाही, उलट एका आजोबांनी रिकामा कप ठेवून घेतला.

म्हणून मी म्हणते की हा प्रॉडक्ट चांगलाच आहे, फक्त तो विकतात भरलेल्या चर्चसाठी आणि उपयोगी पडतो चर्चच्या बाहेर.

आता सुरक्षेचा मुद्दा, कारण घेताना सगळे तोच विचारतात. कप हात लावण्याची भीती घालवतो, पण हा आजार मुख्यतः पसरतो हवेतून. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सराव झाला होता १० मार्च २०२० ला, ६१ जण होते, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघं वारले, तिथे बंद हॉलमध्ये अडीच तास एकत्र गाणं चालू होतं. आणि तिकडच्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण व्हायची शक्यता दहा हजारात एकापेक्षा कमी आहे. म्हणजे आपण बेंच पुसपुसून लाकूड पांढरं केलं, कपाला सील लावलं, आणि त्याच वेळी काही ठिकाणी एसी लावून दारं बंद करून गाणी म्हणत बसले. कप घ्या, हरकत नाही, पण आधी खिडक्या उघडा. आमच्या जुन्या दगडी इमारतीला उंच छप्पर आणि वरती झरोके आहेत, पंखे आहेत, एसी कधी नव्हताच, उन्हाळ्यात शिव्या देतो आपण त्याला पण कोरोनाच्या त्या दोन वर्षांत तेच कामाला आलं. गाण्याच्या बाबतीत आम्ही पेटी-तबला चालू आणि तोंड बंद असं केलं सुरुवातीला, नंतर मास्क लावून म्हणायला लागलो, पहिलं आणि शेवटचं गायन फक्त.

आणि एक गंमत. हे जे काचेचे छोटे ग्लास आम्ही जुनी परंपरा म्हणून एवढे जपतो ना, ते पण असेच आजाराच्या भीतीतूनच आलेत. १८९० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोग, घटसर्प यांच्या भीतीने डॉक्टर लोक बोंब मारायला लागले की एकाच चषकातून सगळ्यांनी प्यायचं बंद करा, तेव्हा हे वेगवेगळे ग्लास आणि भोकांचे ट्रे निघाले, आणि तेव्हाही मंडळ्यांमध्ये भांडणं झाली होती की एक प्याला तो एकच प्याला. द्राक्षरसाचंही तसंच, १८६९ ला थॉमस वेल्च नावाच्या दाताच्या डॉक्टरने रस तापवून न आंबवता टिकवायची पद्धत काढली, का तर चर्चच्या टेबलावर दारू नको म्हणून. त्यामुळे कमिटीत जेव्हा कोणी म्हणतं की हे प्लास्टिकचे कप म्हणजे परंपरेला बाधा, तेव्हा मला ते कारण पटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. काचेच्या ग्लासचा ट्रे कोणीतरी तुमच्यासमोर धरतं, सीलबंद कप तुम्ही एकटे खोक्यातून उचलता.

बाकी किरकोळ पण महत्त्वाचं. कचरा खूप होतो, प्लास्टिक, फिल्म, फॉइल सगळं वेगवेगळं आणि चिकट, मुंग्या लागतात, त्यामुळे दाराशी झाकणाचा डबा ठेवा नाहीतर लोक बेंचाखाली ठेवून जातात. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक बंदी आहे, आपण मंडळीच्या स्नेहभोजनाला पत्रावळी आणतो आणि इथे दर महिन्याला खोकंभर प्लास्टिक फेकायचं हे मला बरोबर वाटत नाही. नगरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेल्या काही कपांचा रस गडद झाला होता आणि दोन तीन झाकणं फुगली होती, ती सरळ टाकून दिली, त्यामुळे थंड जागी ठेवा आणि वाटायच्या आधी प्रत्येक झाकण बघून घ्या. एक्सपायरी खोक्यावर असते, कपावर नसते, खोकं फेकलं की कळायला मार्ग नाही, आम्ही खोक्याचा तो तुकडा कापून आत ठेवला. एका विक्रेत्याने फोटो एका डिझाइनचा दाखवून दुसऱ्याच डिझाइनचे पाठवले, परत घ्यायला तयार नव्हता, म्हणून आधी थोडे मागवून बघा. आणि वाटायच्या आधी पाळक साहेबांनी किंवा कोणीतरी पुढे उभं राहून सोलून दाखवावं, विमानात कसं दाखवतात तसं. वयस्कर लोकांचे कप वरच्या फिल्मची कड आधीच जरा उचलून ठेवले तर निम्मा त्रास कमी होतो.

७ ऑक्टोबरला घटस्थापनेला परत उघडल्यावर आम्ही पहिलं प्रभुभोजन घेतलं ७ नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे पुण्या-मुंबईहून दिवाळीच्या सुट्टीला आलेले पण बरेच होते. या वेळी मी आणि आमच्या दोघींनी कमिटीला स्पष्ट सांगितलं की चर्चमध्ये सीलबंद कप नकोत. रस घरचा, मनुक्यांचा. कागदी छोटे कप, मास्क आणि हातमोजे घालून एकीनेच भरलेले, वर जाळीचं कापड, भाकरीचा तुकडा वेगळ्या कागदी वाटीत. ट्रे फिरवला नाही, पुढे टेबलावर अंतरावर मांडून ठेवले आणि एकेक बेंच उठून आला, ज्यांना चालवत नाही त्यांच्यापर्यंत डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, घेऊन गेले. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात सीलबंद कप पण ठेवले होते, कोणी काही बोलायचं नाही, ज्याला जे हवं ते. बऱ्याच जणांनी तेच घेतले आणि त्यात काही चूक नाही, घरी कोणी आजारी असेल तर मी पण तेच घेतले असते. काचेचे ग्लास तेव्हा कपाटातच होते, ते कधी काढायचे यावर महिला मंडळात दोन गट होते.

२०२१ चा नाताळ शनिवारी आला आणि लगेच दुसऱ्या दिवशी रविवारची उपासना, त्यामुळे घरभेटी आठवडाभर आधीच करायच्या ठरल्या आणि त्यासाठी नवीन कप मागवायचे ठरले. ज्यांनी तो बुडाला भाकर असलेला प्रकार वापरलाय त्यांनी प्लीज सांगा, भाकर मऊ पडते का, आणि म्हाताऱ्या माणसाला एका हाताने उघडता येतो का, कारण आमच्या एका आजींचा उजवा हात चालत नाही आणि त्या एकट्याच राहतात.